मालाचं अचूक वर्णन

अबोल्याच्या बाराव्या दिवशी सकाळी श्यामलाबाईंनी चहाच्या कपाशेजारी एक मोठा स्टीलचा डबा ठेवला, डब्याच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवली आणि काही न बोलता त्या आत निघून गेल्या. चिठ्ठीवर एकच शब्द होता, 'वारजे'. श्रीनिवासरावांनी तो चष्मा लावून वाचला, काढून वाचला. वारज्याला त्यांच्या विहीणबाई, राधाताई, राहत होत्या. म्हणजे ठरलं तर. लेकीच्या, अपूर्वाच्या, पहिल्या बाळंतपणाला तिची आई अमेरिकेत जाणार नाही, सासू जाणार. आणि हे ज्याच्यामुळे झालं त्यानंच डबा उचलून सासूच्या हाती नेऊन द्यायचा. शिक्षा द्यावी तर श्यामलाबाईंनीच. उगाच नाही तीस वर्षं शाळेत सातवीच्या वर्गाला भूगोल शिकवला. त्यांनी झाकण उघडून पाहिलं. डिंकाचे लाडू होते, वरून खसखस लावलेले, एकावर एक नीट रचलेले, आणि तुपाचा वास नाकात शिरला. अशा वेळी माणसाच्या मनात मुलीचा चेहरा यावा, निदान बायकोचा तरी यावा. श्रीनिवासरावांच्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की हा माल साखरेच्या मिठाईत धरायचा की इतर खाद्यपदार्थांत. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली आणि चहा गार होईपर्यंत ते डब्याकडे बघत बसले.

लाज वाटली तरी सवय जात नाही. कुठलीही वस्तू देशाची हद्द ओलांडायला निघाली की तिला एक आठ आकडी नंबर लागतो, आणि पुण्यातल्या एका माल सोडवणाऱ्या कंपनीत चौतीस वर्षं तो नंबर शोधून देणं हे श्रीनिवासरावांचं काम. पंप, पापड, बसचे आरसे, हळद, दातांची कवळी. एकदा मालिश करणाऱ्या खुर्च्यांचा कंटेनर आला होता. ती खुर्ची, म्हणजे फर्निचर, की मालिशचं यंत्र? चौदा महिने त्यांनी कागद लढवले आणि शेवटी ते यंत्र ठरवून घेतलं, आणि त्या दिवशी घरी पेढे आणले. 'वर्णन चुकलं की माल अडकला,' हे त्यांचं वाक्य. निवृत्त झाल्यावरही कोथरूडमधल्या एका संस्थेत दर शनिवारी ते आयात-निर्यातीचा वर्ग घेत, आणि वर्षभर तर त्यांच्या वर्गाला बरे दिवस आले होते. अमेरिकेनं जकात पंचवीस टक्के केली, पाठोपाठ पन्नास केली, मग उतरणार म्हणून बातम्या आल्या. आदल्या शनिवारी शिकवलेलं पुढच्या शनिवारी खोटं ठरायचं आणि मुलं आवडीनं यायची. घरीसुद्धा कोणी काही ढोबळ बोललं की ते सुधारून देत. पाहुण्यांनी 'आमची मोलकरीण' म्हटलं की 'घरकामगार', कोणी 'सँडविच ढोकळा' म्हटलं की 'त्यात ब्रेड नसतो.' लग्नाच्या पंगतीत त्यांनी मठ्ठ्याला ताक म्हणणाऱ्या वाढप्याला थांबवलं होतं. श्यामलाबाई अशा वेळी दुसरीकडे बघत. सदतीस वर्षं त्या दुसरीकडे बघत आल्या, आणि बारा दिवसांपूर्वी मुंबईत, व्हिसाच्या खिडकीपुढे, त्यांना दुसरीकडे बघायला जागा उरली नाही.

ती खिडकी श्रीनिवासरावांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. जाड काच, काचेत गोल भोकं, पलीकडे एक तरुण गोरा अधिकारी, दाढी कोरलेली, आवाज गोड. श्रीनिवासरावांच्या हातात पांढरी फाइल, तीत सत्तावीस कागद, प्रत्येक कागदावर 'परिशिष्ट' लिहून क्रमांक टाकलेला. त्यानं एकही मागितला नाही. त्यानं श्यामलाबाईंना इंग्रजीत विचारलं, कशासाठी चाललात? श्यामलाबाईंनी आठवडाभर आरशापुढे घोकलेलं वाक्य म्हटलं: मुलीला भेटायला, आणि नायगारा बघायला. किती दिवस? सहा महिने, त्या म्हणाल्या, आणि हसल्या. अधिकारीही हसला. नायगारा थंडीत गोठतो, छान दिसतो, असं काहीतरी तो म्हणाला आणि त्याची बोटं कीबोर्डवर गेली. काम झालं होतं. श्रीनिवासरावांना आता पक्कं कळत होतं की त्या घटकेला काम झालं होतं. आणखी अर्धा मिनिट त्यांनी नुसतं फाइलीकडे बघितलं असतं तर बस्स होतं. पण ते भोकांपाशी वाकले आणि म्हणाले, 'माफ करा, वर्णन अपुरं आहे.' मग त्यांनी वर्णन पूर्ण केलं. मुलगी गरोदर आहे, चौतिसावा आठवडा लागेल. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरच्यांनी करायचं असतं. मुलीला येता येत नाही, म्हणून माहेर तिकडे चाललं आहे. बाळंतिणीची मालिश, बाळाची मालिश, शेक-शेगडी, दोन वेळचा स्वयंपाक, रात्रीची जागरणं. अधिकाऱ्यानं बोटं थांबवून विचारलं, म्हणजे या तिथे काम करणार आहेत? इथे कुठलाही शहाणा माणूस 'छे छे' म्हणाला असता. श्रीनिवासराव म्हणाले, 'काटेकोरपणे बोलायचं तर, हो. मोबदला नाही, पण सेवा आहे. जागतिक करारानुसार हा चौथा प्रकार होतो.'

तो चौथा प्रकार ते शनिवारच्या वर्गात रंगवून शिकवत. सेवा देशाची हद्द ओलांडते ती चार तऱ्हांनी. सेवा एकटीच तारेवरून जाते, हा पहिला प्रकार; गिऱ्हाईक उठून सेवेपाशी येतं, हा दुसरा; सेवा देणारा तिकडे जाऊन दुकान थाटतो, हा तिसरा; आणि माणूस स्वतः अंगानं सेवा द्यायला जातो, हा चौथा. 'चौथ्या प्रकाराला सगळे देश कुरकुरतात,' ते सांगत, 'कारण त्यात सेवेबरोबर माणूस येतो.' मुलं दरवर्षी हे वाक्य लिहून घेत. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं नाही. त्यानं एक छापील कागद भोकांखालच्या फटीतून सरकवला, कागदावर होतं की आपण परत मायदेशी याल अशी आमची खात्री पटलेली नाही, आणि 'पुढचे' म्हणून हाक मारली. दोघांनाही नकार. श्रीनिवासरावांनी जाता जाता कागदावरच्या कलमाचा क्रमांक बरोबर आहे का ते तपासलं. बरोबर होता.

परतीच्या बसमध्ये श्यामलाबाई खिडकीपाशी बसल्या. एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलला बस थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, 'तुम्हाला वडापाव हवाय का?' ते म्हणाले, 'नको.' त्यांनी एक घेतला, उभ्यानं खाल्ला, कागद कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि तेव्हापासून त्या नवऱ्याशी बोलल्या नव्हत्या. घरात आवाज नव्हता असं नाही. रोज सकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल लावून त्या जावयाला, अभयला, बाळाला मालिश कशी करायची ते शिकवत. अभय तिकडे कोलंबसमध्ये ऑफिसहून येऊन दमलेला, पण गुणी मुलगा. सोफ्यावरची उशी मांडीवर घेऊन बसे. 'कोमट तेल, अभय. गरम नाही. आधी मनगटाच्या आत लावून बघायचं. मान धर! अरे, मान सोडलीस तू!' 'आई, उशीला मान नाहीये.' 'मग टॉवेलची कर.' श्रीनिवासराव वर्तमानपत्राआडून ऐकत. सेवा तारेवरून चालली होती, पहिला प्रकार. हे त्यांना सांगावंसं वाटे, आणि सांगायला घरात कोणी नव्हतं.

दिवसातून दोनदा अपूर्वाचा फोन येई, तो मात्र त्यांनाच. आईशी ती जेवणाखाण्याचं बोले. बाबांना नियम विचारी. तिच्या कामाच्या व्हिसावर नवा शिक्का घ्यायचा राहिला होता. ती तिकडे असेपर्यंत त्यावाचून अडत नव्हतं, पण एकदा बाहेर पडली की शिक्का घेतल्याशिवाय आत पाऊल टाकता येणार नव्हतं, आणि इकडच्या मुलाखतींच्या तारखा डिसेंबरात एका फटक्यात कित्येक महिने पुढे गेल्या होत्या. सहा आठवड्यांची रजा काढून आलेली माणसं इकडेच अडकून पडली होती, त्यांची घरं तिकडे रिकामी. 'बाबा, मी आत्ता निघाले तर विमान कितव्या आठवड्यापर्यंत घेतं?' 'छत्तीस. डॉक्टरांचं पत्र लागतं.' 'बाबा, बाळ तिकडे जन्मलं तर त्याला कुठला पासपोर्ट?' 'भारतीय. मग त्याचाही व्हिसा.' 'आणि इथे जन्मलं तर? तो जन्मानं मिळणारं नागरिकत्व बंद करायचा हुकूम?' 'कोर्टांनी रोखलाय. त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल बाकी.' 'म्हणजे तोवर?' 'तोवर जुनंच लागू.' त्यांची उत्तरं चोख असत, आणि फोन ठेवल्यावर आपण काहीतरी उपयोगाचं केलं असं त्यांना पाच मिनिटं वाटे. एवढं सगळं सांगून ते 'येऊ नकोस' असं कधी म्हणाले नाहीत आणि 'ये' असंही म्हणाले नाहीत. ते ठरवणं आपल्या अखत्यारीत येत नाही असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. मग परवा अभयचा निरोप आला की त्याची आई येते म्हणते. तिचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, दोन हजार एकतीसपर्यंत. पोराच्या पदवीदानाला म्हणून घेतलेला. तेव्हा तिला अधिकाऱ्यानं विचारलं होतं, काय करणार तिकडे? 'पोराचं कॉलेज बघणार,' एवढंच राधाताई बोलल्या होत्या.

श्यामलाबाई 'जा' म्हणतील म्हणून ते दुपारी चारपर्यंत थांबले. त्या म्हणाल्या नाहीत. मग त्यांनी स्कूटर काढली, डबा दोन पायांच्या मध्ये ठेवला आणि डहाणूकर कॉलनीतून कर्वेनगरच्या दिशेला लागले. डब्याबरोबर श्यामलाबाईंच्या वळणदार अक्षरातली तीन पानं होती, बाळंतिणीचं सगळं लिहिलेलं, 'कोमट' हा शब्द सगळीकडे अधोरेखित. माहेरचा माल सासरमार्गे चालला होता. एका देशाचा माल दुसऱ्या देशातून फिरवून तिसऱ्यात घुसवायचा, हा प्रकार त्यांनी आयुष्यभर पकडून दिला होता. हल्ली तर त्यावर अमेरिका वेगळी, जबर जकात लावते. आज त्यांच्याच पायाशी तसा माल होता आणि गतिरोधकावर तो खडखडत होता. सिग्नलला थांबले की पुन्हा ती खिडकी. गेले बारा दिवस ते स्वतःला एकच गोष्ट सांगत होते: मी खरं बोललो. खरं बोलणाऱ्याला शिक्षा होते, जग असं आहे, त्याला मी काय करू. गोष्ट सुबक होती, आणि सांगितली की थोडा वेळ बरं वाटे. पण तिच्यात एक खोट होती आणि ती रोज आणखी टोचत होती. खरं बोलायचंच होतं तर ते 'नायगारा' ऐकताच का नाही वाकले? नायगाराला त्यांनी जाऊ दिलं. ते वाकले 'सहा महिने' ऐकल्यावर. अर्जात सहा महिने त्यांनी स्वतःच भरले होते. स्वतःचे पाच आठवडे, कारण पुढे सोसायटीची निवडणूक. कागदावर त्या आकड्याचं काही वाटलं नव्हतं. पण श्यामलाबाईंनी तो आकडा इंग्रजीत मोठ्यानं म्हटला आणि त्यावर त्या हसल्या, आणि ते हसू असं होतं की शाळा सुटल्यावर मुली हसतात. त्याच क्षणी त्यांना स्वतःचं स्वयंपाकघर दिसलं. ओटा पुसलेला, कोरडा. संध्याकाळचे साडेसात. कुकर फडताळात पालथा. तूरडाळीचा आठ आकडी नंबर त्यांना झोपेत विचारला तरी सांगता आला असता. तूरडाळ कुठल्या डब्यात असते ते माहीत नव्हतं. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला, आणि 'काका, हिरवा झालाय, अजून कुठला रंग पाहिजे?' असं विचारून पुढे गेला.

राधाताईंचं घर वारज्याच्या पुलापासून आत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. डबा घेऊन चढताना श्रीनिवासरावांना धाप लागली. दारातून आत गेलं की समोर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी बुद्धाची छोटी पांढरी मूर्ती, आणि कपाटात अभयच्या बक्षिसांचे कप. या घरात पाऊल ठेवलं की श्रीनिवासराव थोडे जास्तच अदबीनं वागत. अपूर्वानं हे लग्न ठरवलं तेव्हा आपण एका शब्दानं विरोध केला नाही, हे त्यांनी त्या वर्षी इतक्या लोकांना सांगितलं की शेवटी अपूर्वाच म्हणाली, 'बाबा, विरोध न केल्याचं प्रमाणपत्र मिळत नसतं.' दशरथराव, म्हणजे व्याही, विहारातल्या वाचनालयात गेले होते. राधाताई एकट्याच होत्या, जमिनीवर बॅग उघडी टाकून तीत कपडे भरत. सरकारी इस्पितळात एकतीस वर्षं नर्स, त्यातली बावीस बाळंतपणाच्या वॉर्डात. त्यांनी डबा घेतला, वजन पाहिलं, बॅगेच्या मधोमध ठेवला आणि भोवती साड्या गुंडाळल्या.

'बसा, श्रीनिवासराव. पाणी आणते.'

'खसखस आहे त्यात,' ते म्हणाले. 'म्हणजे तशी चालते तिकडे. पण विमानतळावर विचारलं तर लपवू नका. खाद्यपदार्थ म्हणून जाहीर करा. वर्णनात—'

'लाडू म्हणेन.'

'हो. लाडू. पुरेसं आहे.'

त्या पाणी घेऊन आल्या, समोर बसल्या आणि चष्मा लावून ती तीन पानं वाचू लागल्या. हजारो बाळं या बाईच्या हातांत पडली असतील; तिला लिहून पाठवलं होतं की तेल कोमट असावं. श्रीनिवासरावांना घाम फुटला. राधाताईंनी मात्र ओळन्‌ओळ वाचली, एका ठिकाणी बोट ठेवून पुन्हा वाचली, आणि पानं घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली, पासपोर्टच्या कप्प्यात.

'श्यामलाताईंना सांगा, सगळं याच्याप्रमाणे होईल. हक्क त्यांचा आहे. मी नुसते हात घेऊन चाललेय.' मग पर्सची चेन लावत: 'येणार नव्हत्या का त्या तुमच्याबरोबर?'

'बोलत नाहीये माझ्याशी.'

'कधीपासून?'

'फूड मॉलपासून.'

राधाताईंनी मान हलवली. पेशंट काय काय सांगतात ते ऐकायची सवय असलेल्या बाईची मान होती ती. 'मग तुम्हीच सांगा. या कागदात एक गोष्ट नाही, आणि मला तीच पाहिजे. अपूर्वाला दुखायला लागलं की मला कळणार कसं?'

'म्हणजे? सांगेल ना ती.'

'सगळ्या नाही सांगत. काही बायका ओरडतात, काही देवाला बोलावतात, काही नवऱ्याच्या खानदानाचा उद्धार करतात. ओरडणारीची मला कधी काळजी नाही वाटली. गप्प राहणारी एकदम हाताबाहेर जाते. लग्नाला पाच वर्षं झाली, पण मी त्या पोरीला दुखताना पाहिलेलं नाही. तुम्ही बाप आहात. कशी आहे ती?'

श्रीनिवासरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, कारण प्रश्न आला की त्यांचं तोंड आपोआप उघडे. अपूर्वा रडताना? लहानपणी रडली असेल. ते तर सगळीच मुलं रडतात. मग त्यांना उतार आठवला, महात्मा सोसायटीचा. ती आठ वर्षांची, सायकल घसरली, हात कोपरातून भलत्याच बाजूला वळलेला. रिक्षात त्यांच्या मांडीवर बसून, ओठ पांढरे पडलेले, आणि ती विचारत होती, 'बाबा, मीटर कधी पडतं? किती अंतरावर?' त्यांनी सांगितलं होतं. 'मग थांबलेल्या रिक्षाचं पण पडतं का?' पडतं, त्यांनी सांगितलं होतं, थांब्याचा वेगळा हिशोब असतो. डॉक्टरनं हाड बसवलं तेव्हाही ती विचारत होती की प्लॅस्टरमध्ये नेमकं काय असतं, आणि डॉक्टर म्हणाला होता, धीट आहे हो मुलगी. बारावीच्या निकालाच्या आदल्या दिवशी फेरतपासणीचे नियम. लग्नाच्या महिन्यात, आत्या आणि काका घरी येऊन नको नको ते बोलून गेले त्या संध्याकाळी, तिनं जेवताना शांतपणे विचारलं होतं, 'बाबा, विशेष विवाह कायद्यात नोटीस तीस दिवसांचीच का?' त्यांनी कारण सांगितलं होतं, कलमासकट, आणि वाढलेली आमटी संपवली होती. श्यामलाबाई मात्र ताटावरून उठून मुलीच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि हे त्यांना आत्ता, वारज्याला, पाण्याचा पेला हातात धरून आठवत होतं.

'नियम विचारते,' ते म्हणाले.

'काय?'

'दुखलं की रडत नाही ती. नियम विचारते. कशाचेही. मीटरचे, कोर्टाचे.' त्यांचा आवाज त्यांना अनोळखी वाटला. 'मी सांगतो. मला माहीत असतात ना.'

'आत्ता विचारते का?'

'हो, रोज. दिवसातून दोनदा. परवा तीनदा.'

राधाताईंनी चष्मा काढला. खाली रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा वाजत होता, मेथी दहा, मेथी दहा. 'मग बाई केव्हाची ओरडतेय,' त्या म्हणाल्या, आणि उठून बॅगेतला टॉवेल पुन्हा घडी करू लागल्या.

श्रीनिवासराव गॅलरीत गेले. साडेपाच वाजले होते. कोलंबसला सकाळचे सात. फोन लावायचा तर काय बोलायचं हे त्यांनी आधी मनात लिहून काढलं, तीन मुद्दे, आणि पलीकडून 'हॅलो' आलं तेव्हा एकही आठवेना.

'बाबा? तुम्ही कसे काय? मीच करणार होते. ऐका ना, एक विचारायचं होतं. इथे इन्शुरन्सचा नियम असा आहे की बाळ झाल्यापासून तीस दिवसांत—'

'अपू, तू घाबरली आहेस का?'

त्यांनी फोन कानापासून काढून कॉल चालू आहे का ते पाहिलं. मग एक आवाज आला, तो त्यांनी पूर्वी कधी ऐकला नव्हता. पंचवीस वर्षांपूर्वी रिक्षात ऐकायला हवा होता. ती रडत होती. त्यांना वाटलं आपण काहीतरी सांगावं, इस्पितळ चांगलं आहे, टक्केवारी अशी अशी आहे. पण ते नुसते गॅलरीचा कठडा घट्ट धरून उभे राहिले.

'खूप,' ती शेवटी म्हणाली. 'मला आई पाहिजे होती, बाबा.'

'हो.'

'तुम्ही असं का केलंत?'

इथे ती सुबक गोष्ट तयार होती. मी खरं बोललो. श्रीनिवासरावांनी कठड्यावरचा कबुतराचं पीस बोटानं खाली ढकलला आणि म्हणाले, 'सहा महिने, म्हणाली ती. हसून म्हणाली. मला एकट्याला राहता येत नाही, अपू. मी घाबरलो. खरं बोललो वगैरे सगळं नंतरचं आहे.'

नाक ओढल्याचा आवाज, आणि त्यात, त्यांना खात्री नव्हती, पण बहुतेक हसू. 'एवढं वाक्य तुम्ही त्या खिडकीवर बोलला असतात तर त्यानं आईला ग्रीन कार्ड दिलं असतं.'

'तसं देता येत नाही. त्याला वेगळी—'

'बाबा.'

'बरं.'

'आईला सांगितलंत हे?'

'नाही.'

'मग मला काय सांगताय? तिला सांगा. आणि बाबा, मी येत नाहीये तिकडे. मी विचारत राहिले कारण तुम्ही म्हणाल असं वाटत होतं. ये म्हणाल, नाहीतर नको येऊस म्हणाल. तुम्ही आठवडेच सांगत राहिलात.'

'नको येऊस,' ते म्हणाले. 'अडकशील इथे. नको येऊस. राधाताई येतायत. त्यांच्यासमोर ओरड हवं तेवढं. मी सांगितलंय त्यांना.'

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. श्यामलाबाई स्वयंपाकघरात गवार मोडत बसल्या होत्या, आणि फोनवरून मुलीनं आधीच काही सांगितलं की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. सातवीच्या वर्गालाही तो कधी कळला नव्हता. श्रीनिवासराव दारात उभे राहिले. चौतीस वर्षांत त्यांनी लाखभर वर्णनं लिहिली असतील, आणि आता दोन वाक्यांसाठी त्यांना शब्द जुळवावे लागत होते. मग त्यांनी सांगितलं. परिशिष्टं न जोडता सांगितलं: नायगाराला मी गप्प होतो, सहा महिन्यांना वाकलो, तू हसलीस म्हणून वाकलो, खरेपणा त्यात नव्हता, मला तुझ्यावाचून राहायची भीती वाटते, माझ्या भीतीपायी तुझी लेक तिकडे आईवाचून बाळंत होणार. सांगून झाल्यावर ते शिक्षा ऐकायला उभे राहतात तसे हात मागे बांधून उभे राहिले.

श्यामलाबाईंनी हातातली शेंग मोडली, शीर काढली, शीर वाटीत टाकली.

'मला तिथेच कळलं होतं,' त्या म्हणाल्या. बारा दिवसांनी आवाज ऐकून श्रीनिवासरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी चष्मा पुसून लपवलं. 'भोकांपाशी वाकलात तेव्हाच. सदतीस वर्षं ओळखते मी तुम्हाला. तुम्ही कधी कबूल करताय याची वाट बघत होते.'

'आता?'

'आता काय. मी पुन्हा अर्ज भरलाय, परवाच. सोसायटीतल्या सोनालीनं भरून दिला. तारीख जूनची आलीय. बाळ पाच महिन्यांचं होईल तोवर, पण होऊ दे.' त्या उठल्या, त्यांनी फडताळातून कुकर काढला आणि नवऱ्याच्या दोन्ही हातांत दिला. 'या वेळी खिडकीवर मी एकटी जाणार आहे. जूनपर्यंत तुम्ही हा लावायला शिका. तूरडाळ डावीकडून दुसऱ्या डब्यात आहे.'